विश्लेषण : महाबोधी महाविहारात पिंडदानाची तरतूद कशी? महाराष्ट्रातील बौद्ध यात्रेकरूंना खटकणारा १९४९ चा कायदा काय आहे?

थंडी सुरू झाली की महाराष्ट्रातून बोधगयेकडे धम्मयात्रा निघू लागतात. नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, मुंबईच्या वस्त्यांमधून लोक वर्षभर पैसे साठवून, गटाने आरक्षण करून निघतात. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर असा साधारण मार्ग असतो. बाकी तीन ठिकाणी यात्रेकरू वंदना करतो, अवशेष पाहतो आणि पुढे निघतो. बोधगयेत मात्र तो बहुतेकदा एक प्रश्न घेऊन परततो : बुद्धांना जिथे ज्ञानप्राप्ती झाली, त्या जागेचे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती का नाही? फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खूंनी तिथे उपोषण सुरू केल्यापासून हा प्रश्न महाराष्ट्रातील मोर्चांमध्येही पोहोचला. त्याचे उत्तर बिहार विधिमंडळाने ७५ वर्षांपूर्वी केलेल्या एका छोट्या कायद्यात आहे.

गया स्थानकावर उतरणारे दोन मराठी यात्रेकरू कोण?

वाद समजून घ्यायचा तर सुरुवात बोधगयेपासून नव्हे, गया रेल्वे स्थानकापासून करावी लागते. इथे मराठी माणूस दोन वेगळ्या कारणांसाठी उतरतो.

पहिला येतो तो पितरांसाठी. गयेला जाऊन श्राद्ध करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ‘गयावळ’ हा शब्द मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वापरात आहे. फल्गू नदीच्या काठी असलेले आजचे विष्णुपद मंदिर अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी बांधले. भाद्रपदातील पितृपक्षात या शहरात पाय ठेवायला जागा नसते. पिंडदानासाठी ज्या अनेक ‘वेदी’ सांगितल्या जातात, त्यांतील काही बोधगया परिसरातही आहेत.

दुसरा यात्रेकरू येतो तो बोधिवृक्षासाठी. कोल्हापूर ते धनबाद धावणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस गयेवरून जाते; गाडीचे नावच पुरेसे बोलके आहे. हा यात्रेकरू स्थानकातून बाहेर पडून रिक्षाने किंवा बसने पंधरा-सोळा किलोमीटरवरील बोधगया गाठतो. विष्णुपद मंदिरात जाण्याचे त्याला कारण नसते. उलट पिंडदान, श्राद्ध या गोष्टी त्याच्या आई-वडिलांनी किंवा आजी-आजोबांनी १९५६ नंतर शपथपूर्वक सोडलेल्या असतात.

मे २०२५ मध्ये बिहार सरकारने गया शहराचे नाव बदलून ‘गयाजी’ केले. हा बदल पहिल्या यात्रेकरूच्या श्रद्धेशी जुळणारा होता. बोधगयेतील महाबोधी मंदिराचा कायदा मात्र या दोघांनाही एकाच आवारात आणतो, आणि अडचण तिथेच सुरू होते.

आवारात यात्रेकरूला नेमके काय दिसते?

सुमारे ५० मीटर उंचीचे, विटांचे, निमुळते होत गेलेले शिखर लांबूनच दिसते. सम्राट अशोकाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात इथे पहिले स्मारक उभारले. आजची वास्तू साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील. संपूर्ण विटांमध्ये बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या भारतातील अगदी सुरुवातीच्या मंदिरांमध्ये तिची गणना होते. २००२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले. कळसावरचे सोने थायलंडमधून आले आहे. २०१३ मध्ये तिथल्या भाविकांनी सुमारे २९० किलो सोने त्यासाठी दिले.

गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील, सोनेरी मुलामा दिलेली बुद्धमूर्ती आहे. मंदिराच्या मागे पश्चिमेला वज्रासन आणि त्यावर सावली धरणारा बोधिवृक्ष. हा मूळ वृक्ष नव्हे. आधीचे झाड १८७६ मध्ये उन्मळून पडल्यानंतर पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच्याच वंशाचे रोप १८८१ मध्ये लावले, ते हे झाड. त्याखाली तिबेटी भिक्खू फळीवर साष्टांग नमस्कार घालत असतात, थाई गट पाली गाथा म्हणत असतात, श्रीलंकेचे पांढऱ्या कपड्यांतील उपासक ओळीने बसलेले असतात. निळे झेंडे आणि ‘जय भीम’ म्हणत येणारा महाराष्ट्राचा गट त्यात लगेच ओळखू येतो.

मग त्याच गटातील कोणाच्या तरी लक्षात येते की गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोरच्या जमिनीत शिवलिंगही आहे. मुख्य मंदिरासमोर एक लहान देऊळ आहे. तिथल्या मूर्तींची ओळख ‘पंच पांडव’ अशी सांगितली जाते. बौद्ध अभ्यासकांच्या आणि आंदोलकांच्या मते त्या बुद्ध-बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत. पितृपक्षात आला असेल, तर त्याला आवारात पिंडदानाचे विधीही दिसू शकतात. थायलंडच्या किंवा जपानच्या पाहुण्याला हे भारतातील एक नवल वाटते, तो फोटो काढून पुढे जातो. महाराष्ट्रातून आलेल्याला यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची असते. म्हणूनच ती टोचते.

मंदिर महंतांकडे कसे गेले?

बाराव्या-तेराव्या शतकानंतर मगधातील बौद्ध संघ क्षीण होत गेला. नालंदा, विक्रमशीला उद्ध्वस्त झाली, भिक्खू पांगले. बोधगयेला अधूनमधून ब्रह्मदेशातून दुरुस्तीसाठी माणसे येत राहिली, पण रोजची वस्ती राहिली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, साधारण १५९० मध्ये, घमंडी गिरी नावाचा शैव संन्यासी इथे येऊन राहिला. त्याच्यापासून बोधगया मठाची महंत परंपरा सुरू झाली. पुढे मठाला जमिनी मिळत गेल्या आणि हा मठ बिहारमधील मोठ्या जमीनदारांपैकी एक बनला. (याच मठाच्या जमिनीसाठी १९७८ पासून जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेतील छात्र युवा संघर्ष वाहिनीने भूमिहीनांचे आंदोलन केले, आणि त्यात महिलांच्या नावावर जमीन करण्याची मागणी पुढे आली. तो इतिहास वेगळाच वाचण्यासारखा आहे.)

मंदिर या काळात पडझडीत होते. १८७० च्या दशकात ब्रह्मदेशाचे राजे मिंडॉन यांनी दुरुस्तीसाठी पथक पाठवले. त्यांचे काम इंग्रज अधिकाऱ्यांना पसंत पडले नाही, मग १८८० च्या दशकात कनिंगहॅम आणि जे. डी. बेगलार यांच्या देखरेखीखाली मोठा जीर्णोद्धार झाला. आज दिसणारे शिखर बऱ्याच अंशी त्या जीर्णोद्धाराचे फळ आहे. खर्च सरकारचा, ताबा महंतांचा आणि श्रद्धा समुद्रापलीकडच्या लोकांची, अशी विचित्र स्थिती तेव्हा होती.

अनागारिक धर्मपाल यांचा लढा काय होता?

जानेवारी १८९१ मध्ये श्रीलंकेचे तरुण प्रचारक अनागारिक धर्मपाल बोधगयेत आले. मंदिराची अवस्था पाहून ते तिथेच थांबले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन केली. उद्देश एकच : हे स्थान बौद्धांना परत मिळवणे. त्याआधी ‘लाइट ऑफ एशिया’ लिहिणारे एडविन अर्नोल्ड यांनी इंग्लंडमध्ये हा विषय वृत्तपत्रांतून मांडला होता.

फेब्रुवारी १८९५ मध्ये धर्मपाल यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर बसवण्याचा प्रयत्न केला. महंतांच्या माणसांनी ती हटवली. खटला उभा राहिला. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली, पण त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. धर्मपाल पुढची जवळपास चार दशके झगडले आणि १९३३ मध्ये सारनाथला त्यांचे निधन झाले. मंदिर तेव्हाही महंतांकडेच होते.

दरम्यान प्रश्न काँग्रेसकडे गेला होता. १९२२ चे अधिवेशन गयेत भरले, तेव्हा परदेशी बौद्धांनी मागणी मांडली. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. त्यातून हिंदू आणि बौद्ध यांच्या संयुक्त व्यवस्थापनाची कल्पना पुढे आली. स्वातंत्र्यानंतर बिहार सरकारने कायदा केला, तो याच कल्पनेवर.

१९४९ च्या कायद्यात काय आहे?

बोधगया मंदिर अधिनियम, १९४९ हा फार मोठा कायदा नाही. फोनवर पंधरा मिनिटांत वाचून होईल. त्यातील चार तरतुदी वादाच्या केंद्रस्थानी आहेत.

सर्वात चर्चा होते ती समितीच्या रचनेची. व्यवस्थापन समितीत आठ सदस्य. चार बौद्ध, चार हिंदू, आणि हिंदूंमध्ये बोधगया मठाच्या महंतांची जागा राखीव. सर्व सदस्य भारतीय असले पाहिजेत आणि त्यांची नियुक्ती राज्य सरकार करते. अध्यक्ष गयेचे जिल्हाधिकारी. मूळ कायद्यात पुढे अशी अट होती की जिल्हाधिकारी हिंदू नसतील, तर तेवढ्या काळासाठी सरकारने हिंदू व्यक्तीला अध्यक्ष नेमावे. २०१३ मध्ये दुरुस्ती होऊन ही अट गेली. आता जिल्हाधिकारी कोणत्याही धर्माचे असले तरी अध्यक्ष होऊ शकतात. पण २०१३ पर्यंतचा हिशेब पाहा : चार अधिक चार समान, आणि नववा माणूस कायद्यानेच हिंदू. म्हणजे मतदान झाले तर कोणाचे पारडे जड राहणार, हे ६४ वर्षे कायद्यात लिहूनच ठेवले होते. दुरुस्तीनंतर ही सक्ती गेली, पण निर्णायक जागा बौद्धांची झाली नाही, ती सरकारी अधिकाऱ्याची राहिली.

दुसरी तरतूद समितीच्या कर्तव्यांची. मंदिराची देखभाल, यात्रेकरूंची सुरक्षा, दान-दक्षिणेचा हिशेब याबरोबरच मंदिरातील पूजा आणि मंदिराच्या जमिनीवरील पिंडदान नीट पार पडेल याची व्यवस्था करणे, हे समितीचे काम म्हणून नमूद आहे. म्हणजे पिंडदान ही केवळ चालत आलेली रूढी नाही. ते होऊ देणे समितीवर बंधनकारक आहे, आणि त्या समितीतील चार सदस्य बौद्ध आहेत.

तिसरी तरतूद प्रवेशाची. सर्व पंथांच्या हिंदूंना आणि बौद्धांना पूजेसाठी किंवा पिंडदानासाठी मंदिरात व जमिनीवर येण्याचा हक्क आहे. पशुबळी, मद्य आणि पायात जोडे घालून प्रवेश यांना मनाई आहे. हा मनाईचा भाग बौद्ध यात्रेकरूंच्या भावना लक्षात घेऊनच आला असावा. आणि चौथी : हिंदू व बौद्ध यांच्यात मंदिराच्या वापरावरून वाद झाला, तर राज्य सरकारचा निर्णय अंतिम.

कायद्यात एक सल्लागार मंडळही आहे. त्यात बौद्धांचे बहुमत असते आणि परदेशी बौद्धही येऊ शकतात. सोने, मूर्ती, दान देणाऱ्या देशांना इथे जागा आहे. फक्त हे मंडळ सल्ला देते, निर्णय घेत नाही.

या कायद्यानुसार २८ मे १९५३ रोजी मंदिराचा ताबा महंतांकडून समितीकडे आला. तेव्हा हा बौद्धांचा मोठा विजय मानला गेला, आणि त्या काळाच्या मानाने तो होताही. साडेतीन शतकांचा एकहाती ताबा संपला होता.

मग १९५६ मध्ये असे काय बदलले?

१९४९ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचा ‘बौद्ध’ कोण होता? श्रीलंकेचा, ब्रह्मदेशाचा, जपानचा पाहुणा. फार तर लडाख, सिक्कीम किंवा चितगावकडील परंपरेतून आलेला बंगाली बौद्ध. १९५१ च्या जनगणनेत संपूर्ण देशात बौद्ध दोन लाखांहून कमी होते, आणि आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात तर जेमतेम अडीच हजार. बाहेरून येणाऱ्या, थोड्या संख्येच्या, सौम्य पाहुण्याला पूजेत सन्मानाने वाटा द्यावा, या भावनेने कायदा बेतला गेला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २७ लाख ९० हजार झाली होती. २०११ मध्ये देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक, म्हणजे दर चारांतील तिघांहून जास्त, महाराष्ट्रात होते. ज्या बिहारमध्ये महाविहार आहे, तिथे सगळे मिळून सुमारे २५ हजार.

बदल केवळ संख्येचा नव्हता. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही. आणि श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही.

१९४९ चा कायदा या दोनच गोष्टींवर उभा आहे. हिंदूंचा महाबोधी मंदिरावरील धार्मिक दावा मुख्यतः बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार या समजुतीतून येतो, आणि त्यांच्या तिथल्या विधीला कायद्याने ‘पिंडदान’ असे नाव दिले आहे. थेरवादी किंवा तिबेटी यात्रेकरूला त्याच्या धर्माने पिंडदानाविरुद्ध प्रतिज्ञा घ्यायला लावलेली नाही. आंबेडकरी बौद्धाला लावलेली आहे. म्हणून विदर्भातून गेलेल्या एखाद्या आजीबाईंना आवारात पिंड मांडलेले दिसतात, तेव्हा त्यांच्यासाठी तो शेजारच्या धर्माचा निरुपद्रवी विधी नसतो. त्यांनी जे मागे टाकले, तेच त्यांना त्यांच्या सर्वात पवित्र जागी भेटते.

हा कायदा बौद्धविरोधी हेतूने केला गेला, असे काही भाषणांत म्हटले जाते. कागदपत्रे पाहता तसे म्हणणे ताणलेले वाटते. तो तेव्हाच्या शक्तिसंतुलनातून निघालेली तडजोड होता. अडचण अशी की तडजोड झाली तेव्हा आजचा मुख्य दावेदार अस्तित्वातच नव्हता. सात वर्षांनी तो आला आणि कायदा तसाच राहिला.

आंदोलन १९९२ पासून २०२५ पर्यंत कसे पोहोचले?

नागपूरशी हा धागा घट्ट जोडला गेला तो भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्यामुळे. जपानमध्ये जन्मलेले ससाई १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूरला स्थायिक झाले आणि पुढे भारतीय नागरिक बनले. १९९२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाबोधी मुक्ती आंदोलन उभे राहिले आणि महाराष्ट्रातून हजारो लोक बोधगयेला गेले. लालूप्रसाद यादव तेव्हा मुख्यमंत्री होते. व्यवस्थापन बौद्धांकडे देणाऱ्या विधेयकाचा मसुदा त्यांच्या काळात तयार झाला, पण तो पुढे गेला नाही. २०१२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आले.

१२ फेब्रुवारी २०२५ पासून ऑल इंडिया बुद्धिस्ट फोरमच्या पुढाकाराने भिक्खूंनी महाविहाराजवळ उपोषण सुरू केले. मागणी एका ओळीची : १९४९ चा कायदा रद्द करा, व्यवस्थापन बौद्धांकडे द्या. फेब्रुवारीच्या अखेरीस पोलिसांनी रात्री आंदोलकांना तिथून हलवले. त्यानंतर आंदोलन मंदिरापासून काही किलोमीटरवरील दोमुहान इथे सुरू राहिले. या रात्रीच्या कारवाईच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या आणि महाराष्ट्रातील शहरांत, तालुक्याच्या गावांत मोर्चे निघाले. यावेळी लडाखपासून दक्षिणेपर्यंतचे गट पाठिंब्याला आले, हे १९९२ पेक्षा वेगळे होते.

कायदेशीर पेच कुठे आहे?

आंदोलकांचा आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ आणि २६ चा आहे. अनुच्छेद २६ प्रत्येक धार्मिक संप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क देतो. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिराची समिती हिंदूंची असते, वैष्णोदेवीचे मंडळ हिंदूंचे असते, गुरुद्वारांचे व्यवस्थापन १९२५ च्या कायद्याने शिखांकडे आहे. मग महाबोधीच्याच बाबतीत निम्मी समिती दुसऱ्या धर्माची का?

पंढरपूरचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. तिथेही पिढीजात हक्क सांगणारे बडवे-उत्पात होते. १९७३ च्या कायद्याने ते हक्क काढून घेतले, आणि त्यावरची न्यायालयीन लढाई २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपली. म्हणजे पिढीजात ताबा कायद्याने संपवता येतो, हे घडून गेले आहे. बोधगयेत महंतांचा ताबा संपला, पण समितीतली त्यांची खुर्ची कायद्यानेच राखून ठेवली, हा फरक.

दुसरीकडे, १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा पुढे केला जातो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी एखाद्या प्रार्थनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते बदलता येणार नाही, असे तो सांगतो. त्या तारखेला मंदिर महंतांच्या ताब्यात होते. आंदोलकांचे उत्तर असे की, आम्ही स्वरूप बदला म्हणत नाही; ते बुद्धांचेच स्थान आहे, आम्ही फक्त व्यवस्थापन मागतो. ‘स्वरूप’ आणि ‘व्यवस्थापन’ यांतील सीमारेषा कुठे, हा न्यायालयाने ठरवायचा मुद्दा आहे. जून २०२५ मध्ये १९४९ च्या कायद्याला आव्हान देणारी एक नवी याचिका सर्वोच्च न्यायालयाने थेट ऐकण्यास नकार देऊन याचिकाकर्त्यांना उच्च न्यायालयात जाण्यास सांगितले.

न्यायालयाशिवायही एक मार्ग आहे, आणि तो छोटा आहे. कायदा राज्याचा आहे. बिहार विधिमंडळाने साध्या बहुमताने २०१३ मध्ये त्यात दुरुस्ती केलीच होती. पण बौद्ध मतदार महाराष्ट्रात आणि कायदा बदलणारे आमदार बिहारमध्ये, हे या प्रश्नाचे राजकीय गणित आहे. पाटण्यातील कोणत्याही सरकारला बौद्ध मागणी मान्य करून मिळणारी मते थोडी, आणि पितृपक्षाच्या भावनेला धक्का लागल्याने जाणारी मते जास्त वाटतात.

हिंदू बाजूचे म्हणणे काय?

ते केवळ ‘ताबा सोडणार नाही’ एवढेच नाही. मठाचे समर्थक सांगतात की बौद्ध संघ नसतानाच्या शतकांत या जागेवर दिवा लावणारे आम्हीच होतो. शिवाय गयेच्या श्राद्धपरंपरेत बोधिवृक्षालाही स्थान आहे. तिथे येणारा हिंदू बुद्धाला नमस्कार करूनच जातो, त्यात अनादर नाही. दोन धर्मांनी एकत्र वापरलेले मंदिर हे सहअस्तित्वाचे उदाहरण आहे, ते का मोडावे, असाही प्रश्न विचारला जातो.

पहिल्या मुद्द्यात इतिहासाचा अंश आहे, जरी त्याच शतकांत मूर्तींची नावे बदलली गेली हेही खरे आहे. सहअस्तित्वाचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंना समान वागवणाऱ्या व्यवस्थेतच टिकतो. दर्शनाचा आणि पूजेचा हक्क सर्वांना ठेवून व्यवस्थापन एका समाजाकडे देता येते. शिखांची गुरुद्वारे सर्वांना खुली असतात आणि त्यांच्या कारभारात इतर धर्मीय नसतात. या मधल्या मार्गाची चर्चा भाषणांमध्ये फारशी ऐकू येत नाही.

व्यवस्थापन बौद्धांकडे दिले, तर कोणत्या बौद्धांकडे?

आंदोलनाच्या व्यासपीठावरून हा प्रश्न कमी विचारला जातो, पण उद्या कायदा बदलला तर पहिल्या आठवड्यात तोच समोर येईल. बोधगयेत थाई, जपानी, भूतानी, तिबेटी, म्यानमारचे, व्हिएतनामचे, श्रीलंकेचे विहार आहेत. त्यांचे पंथ वेगळे, पूजापद्धती वेगळ्या. तिबेटी परंपरेत असंख्य देवता आहेत. बाबासाहेबांच्या नवयानात देवतांना जागा नाही. परदेशी विहारांकडे निधी आहे, आंबेडकरी समाजाकडे संख्या आहे, आणि स्थानिक बिहारी बौद्धांकडे यांपैकी काहीच फारसे नाही. भारतीय सदस्यांचीच समिती ठेवायची म्हटले, तर संख्येमुळे महाराष्ट्राचा आवाज मोठा असेल. हिमालयातील बौद्ध समाज त्याला सहज मान्यता देईल का? २०२५ च्या आंदोलनात हे गट एकत्र आले, ही त्या दृष्टीने जमेची बाजू.

शब्दांतही हे दिसते. कायदा ‘मंदिर’ म्हणतो, युनेस्कोही ‘महाबोधी मंदिर संकुल’ म्हणते. आंबेडकरी यात्रेकरू ‘महाविहार’ म्हणतो आणि कोणी ‘मंदिर’ म्हटले तर दुरुस्त करतो.

यात्रेला जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत तिबेटी प्रार्थनासत्रांमुळे राहण्याची जागा मिळणे कठीण होते, आणि बुद्धपौर्णिमेला उन्हाळा टोकाला असतो. शांतपणे बसायचे असेल तर पितृपक्ष संपल्यावर जावे. आवार पहाटे पाचला उघडते आणि रात्री नऊला बंद होते. प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत. पहाटेच्या पहिल्या तासात बोधिवृक्षाखाली गर्दी सर्वात कमी असते.

७ जुलै २०१३ रोजी इथे साखळी बॉम्बस्फोट झाले. तेव्हापासून सुरक्षा कडक आहे आणि मोबाइल आत नेता येत नाही. तो प्रवेशद्वाराबाहेरच्या लॉकरमध्ये जमा करावा लागतो. त्यामुळे पंचशील, गाथा, पाठांतरात नसलेली वंदना फोनवर ठेवून जाणाऱ्यांची पंचाईत होते. छोटी छापील पुस्तिका सोबत घ्यावी. गटाने जाणार असाल तर आत चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आधीच ठरवावे. वज्रासनाच्या बाजूची जाळी सर्वांना सहज सापडते.

गाभाऱ्यातील शिवलिंग किंवा समोरच्या देवळावरून पुजारी, सुरक्षारक्षक यांच्याशी आत हुज्जत घालू नये. ते तिथे नोकरी करतात. कायदा पाटण्यात बदलतो. आंदोलनाविषयी जाणून घ्यायचे असेल, तर गयेहून येणाऱ्या रस्त्यावर दोमुहान लागते.